खारपाण

सव्वीस वर्षं मी गावांना हाका मारल्या,
एकही कधी ओ देत आलं नाही.
दर्यापूरकडे जाणारी, आपातापा, म्हैसांग मार्गे,
फलाट क्रमांक चार.
काचेची खोली, माईकला गुंडाळलेलं लाल फडकं,
खिडकीच्या भोकातून आत येणारे हात:
बाई, मूर्तिजापूर लागली का?
बाई, पोरगं हरवलं, निळा सदरा, नाव पुकारा.
रात्री झोपेतही मी गाड्या सोडायचे.
शेजारून नवरा म्हणायचा, गेली ती, झोप आता.

यंदा मे महिन्यात चार दिवस रजा टाकली.
चिखलदऱ्याला जा, सगळे म्हणाले, गार असतं.
मी छत्री घेतली, पाण्याची बाटली, कांदा-भाकर,
आणि फलाट चारवरून चढले.
तिकडे काय आहे, लेकीनं विचारलं होतं.
काही नाही, म्हटलं. तेच बघायचंय.

म्हैसांगच्या अलीकडे उतरले.
गाडी गेली. धूळ खाली बसायला वेळ लागला,
मला त्याहून जास्त.

पऱ्हाट्या उपटून नेलेलं रान,
काळी जमीन अशी उललेली
की भेगेत छत्री मुठीपर्यंत गेली
आणि तळ लागला नाही.
सखल अंगाला मिठाची पांढरी साय.
बोट लावून चाटलं. खारट, जरा तुरट,
शाळेत थुंकीनं पुसलेल्या पाटीसारखं.

पहिला तासभर डोकं पुकारतच होतं.
दूर एक हिवर दिसला,
त्यालाही मी मनातल्या मनात फलाट दिला.
टिटवी उडाली. उशिरा सुटली, अशी नोंद केली.
समोर उन्हात पाण्यासारखं काही हलत होतं,
मी चालले तसं तेही मागे सरकत गेलं
नव्या सुनेसारखं, पदर सावरत.
मग केव्हातरी
पावलं नुसती पावलं झाली.

शेळ्या घेऊन सुपाजी भेटले.
"काहून पायी? मोटार बंद पडली काय?"
नाही.
"कोनाच्या घरी चालल्या मंग?"
कोणाच्याच नाही.
ते थांबले. शेळ्याही थांबल्या.
माझी बाटली रिकामी, ते त्यांनी आधी पाहिलं होतं.
ओलं गोणपाट शिवलेला डबा पुढे केला:
"खारं हाये, पन गार हाये."
मी प्याले. दोन्ही खरं होतं.
ते गेले. त्यांचं हुर्रर्र बराच वेळ
पातळ होत होत राहिलं.

हिवराची सावली म्हणजे चाळण.
तिच्यात बसले, अर्धी उन्हात, अर्धी अशीच.
कोणी बघत नव्हतं, म्हणून
आडवी होऊन एका भेगेला कान लावला.
खालून काही आलं नाही.
ना गाव, ना गाडी, ना माझा आवाज.
इतकं काही न येणं
मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.
हसू आलं. मग डोळ्यांतून पाणी, तेही खारंच.
मग भूक लागली.
बुक्कीनं कांदा फोडला
आणि केवढा तो आवाज, बाई गं,
सगळ्या रानाला ऐकू गेला असेल.

उन्हं उतरेपर्यंत तिथेच होते.
काय विचार केला, लेक विचारते.
आठवत नाही.
एक मुंगळा माझ्या पायावरून चारदा गेला
आणि चारदा वाट चुकला, एवढं आठवतं.

परतीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, कुठे?
मी एक बोट दाखवलं,
आणि गाडी जात होती ती दिशा.
बोलले असते, तर ओळखलं असतं त्यानं.

आता दोन गाड्यांच्या मध्ये
माईक चालू असतो आणि मी गप्प.
तीन-चार श्वास. फार नाही.
लोक मान वर करून भोंग्याकडे बघतात.
परवा एक म्हातारी खिडकीशी आली,
बोचकं कठड्यावर टेकवून म्हणाली,
"तेलगोटेबाई, बंद पडलं काय वो हे?"
नाही मावशी, म्हटलं,
चालू आहे.